लाल बाइकची सुनावणी

सोमवार, ४ ऑगस्ट

या घरात माझं ऐकून घेणारं कोणी नाही, म्हणून वही आणली. वही मध्येच "हो, पण" म्हणत नाही, हा तिचा मोठा गुण.

आधी वस्तुस्थिती. मी कॉलेज सोडलं, दुसऱ्या वर्षाच्या ऐन मध्यावर. हजेरी कमी भरली म्हणून प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "बस, आणि काय झालं ते सांग." मी म्हटलं, बसणार नाही आणि सांगणारही नाही. ओळखपत्र टेबलावर फेकलं, ते नेमकं त्यांच्या चहात पडलं, आणि मी तडक बाहेर. मला माझी बाजू मांडायची साधी संधी मिळाली नाही. याला न्याय म्हणतात?

बाबा म्हणाले, "काही दिवस माझ्या नजरेसमोर नको." म्हणून मामाकडे रवानगी. मामा सोसायटीचा अध्यक्ष आहे, मामी घराची. आम्ही चौथ्या मजल्यावर.

आणि पाचव्या मजल्यावर ती.

नाव लिहीत नाही. वही मामीच्या हाती लागली तर माझी धडगत नाही. काल लिफ्टमध्ये तिनं "चौथा ना?" असं विचारलं आणि चारचं बटण स्वतःच्या बोटानं दाबलं. माझ्यासाठी! आजवर मला कोणी असं घरी सोडलं नव्हतं.

मामीला सहज विचारलं, वर कोण राहतं. ती सुरू झाली, "अरे, त्यांच्याकडे ना, जूनपासून बिचाऱ्यांच्या—" मी तिथेच थांबवलं. मामी, मला लोकांच्या घरच्या भानगडी ऐकायच्या नाहीत. मामी म्हणाली, "मग विचारलंस कशाला, माझ्या राजा?"

बुधवार, ६ ऑगस्ट

शोध लागला. ती नुकतीच संख्याशास्त्राची पदवीधर झाली आहे आणि बुधवार-शुक्रवार संध्याकाळी एका वर्गाला जाते. 'सार्वजनिक कायद्याची तोंडओळख: कायदा न शिकणाऱ्यांसाठी.' बाहेरच्यांनाही बसता येतं. वर्ग नेमका माझ्याच जुन्या कॉलेजात. त्या फाटकात पुन्हा पाय ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती. पण शपथ पुढच्या फाटकाची होती. संध्याकाळी मागचं उघडतात.

शिकवणारे सर निवृत्त आहेत. पोरं त्यांना 'परंतुक' म्हणतात, कारण कायद्यातलं प्रत्येक कलम शेवटी 'परंतु' म्हणून मागे फिरतं आणि सरही तसंच बोलतात. आज म्हणाले, "दोन शेजारी भांडले तर तो खासगी कायदा. त्यातल्या एकाला सरकारनं खुर्ची दिली, की सार्वजनिक कायदा सुरू. खुर्चीवरच्या माणसानं काय करावं, काय करू नये, आणि केलं तर त्याला कोण विचारणार, एवढंच या वर्गात शिकायचं. परंतु हे 'एवढंच' सहा महिन्यांत संपत नाही."

ती पुढच्या बाकावर. वळून म्हणाली, "पेन आहे का जास्तीचं?" माझ्याकडे एकच होतं. दिलं. तास नुसता बसून ऐकला. कायद्यासाठी एवढा त्याग वर्गात कोणी केला नसेल.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली. नैसर्गिक न्याय! दोन तत्त्वं. एक, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही. दोन, स्वतःच्या भांडणात स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही.

मी ताडकन उठलो. "सर, समजा एका विद्यार्थ्याला त्याची बाजू न ऐकताच कॉलेजातून काढलं..."

"काढलं?"

"म्हणजे निघाला."

"स्वतःहून?"

"परिस्थिती तशी निर्माण केली गेली."

"त्याला बोलायला सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं, पण ज्या सुरात सांगितलं—"

सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली. बाकीचे मला हसले, ती माझ्याबरोबर हसली. फरक कळतो.

पेन पुन्हा मागितलं. यावेळी मी दोन नेली होती.

सोमवार, ११ ऑगस्ट

शत्रू दिसला.

सकाळी सात वाजता एक लाल बाइक खाली येऊन थांबते. हेल्मेट घातलेला एक गडी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दंड असे की शिलाई उसवावी. हेल्मेटसकट लिफ्टमध्ये शिरतो आणि पाचवर जातो. मग वरून आवाज. काहीतरी धपकन आपटतं. "शाब्बास! अजून एकदा! जोर लावा!" मधूनच ती टाळ्या वाजवते. पाऊण तासानं तो खाली उतरतो. आज मी जिन्यात कानोसा घेत उभा होतो, तर ती लिफ्टच्या दारातून म्हणाली, "उद्या नक्की या हं. तुमच्याशिवाय आमचं काही खरं नाही."

मला दुधाचा कप खाली ठेवावा लागला.

मामीला म्हटलं, तो लाल बाइकवाला... ती म्हणाली, "तो होय? अरे तो तर वरच्या—" पुढचं ऐकवेना. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

गुरुवार, १४ ऑगस्ट

मामाला माझं रिकामं बसणं सलत होतं. आज कमिटीत त्यानं मला पार्किंग-प्रमुख केलं. पगार नाही, पण शिट्टी आहे, साखळी आहे आणि कुलूप आहे. मामा म्हणाला, "बाहेरच्यांच्या गाड्यांनी उच्छाद मांडलाय. तू बघ. मला विचारत बसू नकोस, मी सही करून ठेवतो." आणि त्यानं खरंच कोऱ्या कागदांवर सह्या केल्या.

मी एकदम शांत झालो. खुर्ची मिळाली की माणूस गंभीर होतो, हे सर सांगत नाहीत, पण होतं.

लगेच नियम केला: बाहेरच्या व्यक्तीचं वाहन सकाळच्या वेळी आवारात उभं करता येणार नाही. नियम सर्वांना सारखा. योगायोगानं सकाळी बाहेरचं वाहन एकच येतं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

मी प्राचार्य नाही. मी सगळं रीतसर करणार. आज नोटीस काढली: 'लाल बाइकचे मालक यांस. आपले वाहन का जप्त करू नये याचा खुलासा रविवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून करावा.' सोसायटीच्या फलकावर, काचेच्या आत लावली. काचेला कुलूप असतं, म्हणजे कोणी फाडू शकत नाही.

वॉचमन काका म्हणाले, "दादा, ही नोटीस गाडीवर चिकटवली असती तर त्यानं वाचली तरी असती. इथे कोण बघतंय?"

मी म्हटलं, काका, शासकीय कामाची पद्धत असते.

मामी हात पुसत आली, नोटीस वाचली. "वेड लागलं का तुला? तो लाल गाडीवाला म्हणजे—"

"मामी, जे काही असेल ते रविवारी साक्षीत सांग."

"रविवारी मी माझ्या बहिणीकडे आहे."

"मग लेखी दे."

"लेखी देते, थांब," म्हणाली आणि लाटणं घेऊन आली. साक्षीदार विरोधी गेला, अशी नोंद केली.

पंधरा ऑगस्टची सुट्टी, म्हणून संध्याकाळचा तास नाही. पेन तिच्याकडेच राहिलं आहे.

रविवार, १७ ऑगस्ट

सुनावणी झाली. पार्किंगमध्ये दोन खुर्च्या. एकीवर मी. समोरची रिकामी. अकरा वाजता मी पुकारा केला, "लाल बाइकवाले हाजिर हो!" तळमजल्याच्या मावशींनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, "भंगार आहे, पण आज नको."

वॉचमन काका म्हणाले, "दादा, तो रविवारी येतच नाही. त्याची सुट्टी असते."

"हजर राहणं ही त्याची जबाबदारी आहे."

रिकाम्या खुर्चीला मी माझे सगळे मुद्दे समजावून सांगितले. एकाही मुद्द्याचं खंडन झालं नाही. निकाल राखून ठेवला, चहा घेतला, मग दिला. सरांनी सांगितलंय की आदेशात कारणं हवीत. मी चार पानं कारणं दिली: शिस्त, सुरक्षितता, आवाज, धूर, लहान मुलं, पर्यावरण आणि लाल रंगामुळे होणारा मानसिक त्रास.

सोमवार, १८ ऑगस्ट

अंमलबजावणी. गडी वर गेल्याबरोबर साखळी घातली. मी आणि किल्ली मामाच्या खोलीत. खाली बराच वेळ आरडाओरडा चालला. "अहो, लोक खोळंबलेत माझे! पुढच्या घरी पोचायचंय!" वॉचमन काकांनी बेल वाजवली, मी उघडली नाही. शेवटी तो रिक्षानं गेला. जाताना म्हणाला म्हणे, "या बिल्डिंगमध्ये पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

विजय.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पाचवा मजला शांत आहे. टाळ्या नाहीत, "जोर लावा" नाही. परवाच्या तासाला ती आली नव्हती. विरह म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून मी तिला वेळ दिला.

आज आली. डोळे सुजलेले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि पेन तिच्याच हातात होतं. माझं!

सरांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली: अधिकार ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरायचा. "पाण्याची गळती बघायला नेमलेला माणूस शेजाऱ्याशी हिशेब चुकवायला नळ तोडतो. कागद सगळे बरोबर असतात. परंतु हेतू वेगळा असला की कागदांना किंमत नाही." हे ऐकताना ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. तासभरात पहिल्यांदा! मी हलकेच हसलो.

दुसरी: वाजवी अपेक्षा. कार्यालयानं एखादी गोष्ट वारंवार केली, की माणूस तिच्यावर विसंबतो. मग ती एकाएकी बंद करता येत नाही. आधी कारण सांगावं लागतं आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

मी विचारलं, "सर, कोणी आपल्याकडे वारंवार पेन मागितलं, तर वाजवी अपेक्षा निर्माण होते का?"

"कशाची?"

"एकंदरीत."

"पेन परत मिळण्याची होते," सर म्हणाले. "परंतु तीही फार नाही."

जिन्यात ती थांबली होती. माझ्यासाठी! म्हणाली, "मला सुनावणी हवीय. रविवारी. कमिटीसमोर."

"कशाबद्दल?" मी जरा लाडात विचारलं.

"तुझ्याबद्दल," ती म्हणाली.

घरी येऊन दोनदा जेवलो.

रविवार, २४ ऑगस्ट

लिहायला हात उठत नाही, पण लिहितो. वही निदान माझं सगळं ऐकते.

पार्किंगमध्ये सगळी सोसायटी. मामा मधल्या खुर्चीवर. "हं, चला. माझा भाचा बरोबर आहे. आता बोला, काय बोलायचंय."

ती म्हणाली, "काका, तुम्ही हा निर्णय देऊ शकत नाही. तुम्ही त्याचे मामा आहात."

"मी आधी अध्यक्ष, मग मामा."

मागून मामी म्हणाली, "घरी तर उलटं सांगता."

मामा उठला. सेक्रेटरी बसायला गेले, तर त्यांची गाडी त्याच जागेला लागून. खजिनदारांना तीच जागा दुसऱ्या गाडीसाठी हवी. एकेक करून सगळे बाद. राहिल्या तळमजल्याच्या मावशी. गाडी नाही, नातं नाही. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले, मध्ये बोलायची परवानगी नव्हती.

तिनं विचारलं, "मावशी, तुमचं इथे कोणाशी भांडण?"

"सगळ्यांशी आहे गं."

"सारखंच?"

"अगदी सारखंच."

"मग चालेल."

मावशींनी मला विचारायला सुरुवात केली. "तक्रार कोणी केली रे?"

"मी."

"नियम कोणी केला?"

"मी."

"नोटीस? सुनावणी? निकाल?"

"मीच."

"एकटा एवढी कामं करतोस आणि तुझा मामा म्हणतो, पोरगा रिकामा बसून असतो!"

लोक हसले. ती हसली नाही. माझी चार पानं उघडून म्हणाली, "मावशी, यात कारणं पुष्कळ आहेत. खरं तेवढं नाही."

"खरं कुठलं?"

मामी खोकली. वॉचमन काका छताकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मला ते माहीत आहे. ते इथे सांगायची गरज नाही."

तिला माहीत आहे! आणि तिनं नाकारलं नाही! पुढचं अर्धं वाक्य मला ऐकूच आलं नाही. उरलेलं ऐकलं ते असं: लाल बाइकवाला फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या बाबांना जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. डावा पाय आणि हात उचलत नव्हता. ते शाळेत पी.टी.चे सर होते, पोरांना उड्या मारायला लावण्यात जन्म गेला, आणि आता तो माणूस त्यांना खुर्चीवरून उठायला शिकवत होता. धपकन आवाज यायचा तो त्यांच्या बसण्याचा. मागच्या शनिवारी ते आधाराशिवाय उठले होते. सोमवारपासून व्यायाम बंद. आता पुन्हा पलंगावर.

"आणि मला दुसऱ्या गावी कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय," ती म्हणाली. "सप्टेंबरच्या शेवटी हजर व्हायचंय. आमच्या घरी आम्ही दोघंच. बाबा स्वतःच्या पायावर चालले नाहीत, तर मी जाणार नाही."

माझ्या मनात जे आलं ते इथे लिहितो: साखळी राहिली, तर ती राहील.

किल्ली माझ्या खिशात होती. कोणी मागितली नव्हती.

मावशी म्हणाल्या, "तू बस आधी. बस, आणि काय झालं ते सांग."

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठे ते आठवेना. मी बसलो. सांगायला तोंड उघडलं, तर सांगण्यासारखं काही निघेना. चार पानांतली सगळी कारणं आठवत होती. शेवटी किल्ली काढून मावशींच्या हातात दिली.

तेवढ्यात तो आला. तिनंच बोलावलं होतं. हेल्मेट काढलं, तर आत गुळगुळीत टक्कल आणि चाळिशीचा चेहरा. बरोबर बायको, तिच्या कडेवर पोर. मी अशा माणसाविरुद्ध चार पानं लिहिली!

त्यानं सकाळची वेळ दुसऱ्या पेशंटला दिली होती. आता आठवड्यातून तीन संध्याकाळीच जमेल म्हणाला. रोज सकाळी धरून उभं करायला, चालवायला कोणीतरी हवं, तो शिकवून ठेवेल.

मावशींनी निकाल दिला. "आदेश रद्द. साखळी वॉचमनकडे. शिट्टी वरच्या पी.टी.च्या सरांकडे. आणि रोज सकाळी सात वाजता हा वर जाईल. ही शिक्षा नाही हं. तोडलंस ते जोडून दे, एवढंच."

रोज सकाळी. पाचव्या मजल्यावर. माझं प्रेम मार्गी लागलं असं म्हणायला हरकत नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

प्रेम वगैरे काही नाही. ती सात वाजता अभ्यासाला दुसऱ्या खोलीत जाते आणि दार लावते. मी आणि वरचे सर. जड माणूस आहे. कमरेला पट्टा बांधायचा, तो धरून बाजूला उभं राहायचं, आपण ओढायचं नाही, त्यांनी उठायचं. मी ओढलं की ते शिट्टी फुंकतात.

"उचलतोस काय मला? मी काय पोतं आहे?"

"सर, तुम्ही पडाल."

"पडेन. आधी मला विचार, पडायचंय का म्हणून."

अर्ध्या तोंडानं बोलतात, तरी वर्गात असल्यासारखे ओरडतात. आज दारापर्यंत गेलो. मी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पण दार उघडलं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

वर्गात सर म्हणाले, "सोसायटीची कमिटी म्हणजे शासन नव्हे. परंतु खुर्ची दिसली की लक्षणं तीच." सगळे माझ्याकडे का बघत होते कळलं नाही. तास संपल्यावर सर म्हणाले, "अरे, त्या निघालेल्या विद्यार्थ्याला सांग, प्राचार्य चहा बदलून घेतात. अजून वेळ गेलेली नाही." मी म्हटलं, सांगतो. चहाचं यांना कोणी सांगितलं?

वरचे सर आज लिफ्टपर्यंत चालले, नुसत्या काठीवर. पट्टा माझ्या हातात सैल होता. मला उगाचच रडू आलं. ते म्हणाले, "घाम पूस."

शनिवार, २७ सप्टेंबर

ती गेली. दोन बॅगा मीच खाली आणल्या. तिची आत्या आता इथे राहायला आली आहे, पण तिचे गुडघे दुखतात.

गाडीत बसताना ती म्हणाली, "बाबा तुझ्यावर खूश आहेत. पुढचे काही महिने येत जा. येशील ना?"

मी म्हटलं, "आणि तू?"

"मी काय?"

"एकंदरीत."

"तू चांगला आहेस रे," ती म्हणाली. "पण आधी समोरचा काय म्हणतोय ते ऐकायला शीक." आणि काच वर गेली.

ऐकायला? मीच तर आयुष्यभर ओरडून सांगतोय की कोणी ऐकत नाही!

सोमवार, २९ सप्टेंबर

ठरवलं होतं की आजपासून वर जायचं नाही. कोणासाठी जायचं? काल रविवार, व्यायामाला सुट्टी, म्हणून दिवसभर रागानं पडून राहिलो. सकाळी सात वाजले तरी तोंडावर चादर.

दाराबाहेर शिट्टी वाजली. जोरात.

मामीनं दार उघडलं. वरचे सर. पायात खेळाचे बूट, हातात काठी, शेजारी कोणी नाही. एकटे लिफ्टमध्ये शिरले, एकटे चौथ्यावर उतरले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर असा रुबाब की जणू शर्यत जिंकून आलेत.

"का आला नाहीस?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"मुलगी घरी आली की मला शिकवायची, त्या परंतुकाच्या वर्गातलं. एवढे दिवस रोज येतोस, मी विसंबलो तुझ्यावर. बंद करायचं तर कर. पण आधी कारण सांगायचं, आणि माझं म्हणणं ऐकून घ्यायचं. सांग कारण."

मामी ओट्याशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे चार पानं कारणं होती.

"आता तुमचं म्हणणं सांगा, सर," मी म्हटलं.

"माझं म्हणणं असं, की मला आज खाली रस्त्यावर जायचंय. तुझ्या त्या कॉलेजच्या पुढच्या फाटकापर्यंत. रोज थोडं थोडं. पोचायला लागतील तेवढे दिवस लागतील. पट्टा आण."

मी पट्टा आणला. बूट घालताना मामी म्हणाली, "डबा देऊ का रे, वाटेत भूक लागली तर?" आणि पदरानं डोळे पुसले. तिला कांदा लागला असावा.

पेन मात्र तिनं परत केलेलं नाही. ते प्रकरण मी खुलं ठेवलं आहे.